दगड ओळखताना नाव सगळ्यात शेवटी

शाळेच्या प्रकल्पातला खडकसंग्रह असो, ट्रेकवरून पिशवीत आलेला दगड असो की विहिरीच्या कामावर निघालेला ढीग, त्यांना चिकटवलेली नावं बऱ्याचदा चुकलेली असतात. चूक जवळपास नेहमी एकाच जागी होते. माणूस रंग पाहतो, नाव ठरवतो आणि मग त्या नावाला धरून खुणा शोधत बसतो. काळा म्हणून बेसॉल्ट, पांढरा म्हणून संगमरवर, गोल म्हणून नदीतला, थर दिसले म्हणून गाळाचा. या चारही अनुमानांना महाराष्ट्रातच भरपूर अपवाद सापडतात.

खडकाचा वर्ग ठरतो तो कसा तयार झाला यावरून, आणि त्याची साक्ष रंग देत नाही, पोत देतो, म्हणजे कणांचा आकार आणि त्यांची मांडणी. म्हणून क्रम असा ठेवा: जागा, ताजा तुकडा, पोत, खनिजं, चाचण्या, वर्ग आणि मग नाव. मधला एखादा टप्पा गाळलात की पुढच्या टप्प्याचं उत्तर भरवशाचं राहत नाही.

सुरुवातीआधी: तीन वर्ग नेमके कशाने वेगळे?

अग्निजन्य खडक वितळलेला शिलारस थंड होऊन बनतो. जमिनीत खोलवर तो सावकाश थंड झाला तर स्फटिक वाढायला वेळ मिळतो आणि ग्रॅनाइट किंवा गॅब्रोसारखा भरड खडक तयार होतो. लाव्हा म्हणून बाहेर आला तर लवकर गार होतो आणि बेसॉल्ट किंवा ऱ्हायोलाइटसारखा बारीक पोताचा खडक मिळतो.

गाळाचा खडक तीन वाटांनी येतो: जुन्या खडकांचे कण साचून, पाण्यात विरघळलेले क्षार खाली बसून, किंवा जीवांचे अवशेष साठून. त्यावर दाब येतो, कणांच्या मधल्या फटींत जोडद्रव्य भरतं आणि गाळाचा दगड होतो.

रूपांतरित खडक उष्णतेने आणि दाबाने बदलतो, पण घन अवस्थेतच. इथे उत्तरपत्रिकांत हमखास चूक होते: “खडक वितळून रूपांतरित होतो” असं लिहिलं जातं. पूर्ण वितळून पुन्हा थिजला तर तो अग्निजन्य. रूपांतरात जुनी खनिजं जागच्या जागी नव्याने स्फटिकतात, दाबाखाली एका दिशेला लागतात, पण शिलारस होत नाहीत.

तयारी

दहापट मोठं दाखवणारं भिंग, पोलादी हातोडी, डोळ्यांसाठी पारदर्शक संरक्षक चष्मा, पोलादी खिळा, जाड काचेचा गुळगुळीत कडांचा तुकडा, दोऱ्याला बांधलेलं छोटं चुंबक, पाण्याची बाटली, ताणकाटा, वही आणि जुनी वर्तमानपत्रं. एवढ्यावर बहुतेक काम भागतं.

चुना ओळखण्याच्या चाचणीसाठी 10 टक्क्यांचं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. ते घरी बनवू नका. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेतून, शिक्षकांच्या देखरेखीखाली ड्रॉपरच्या बाटलीत घ्या. स्वच्छतेसाठी मिळणारं तीव्र आम्ल तर अजिबात नको. नवशिक्यांना व्हिनेगर पुरतं, फक्त ते दगडाच्या पुडीवर टाकावं लागतं.

> सावध: किल्ले, लेणी, मंदिरं, लोणारचं विवर आणि जीवाश्मांच्या जागा इथे हातोडी पिशवीतून काढूच नका. तिथे फोटो आणि नोंद एवढंच. खाणीच्या कड्याखाली किंवा पावसाळ्यात घाटातल्या सुट्या दरडीखाली उभं राहू नका. कोकणातल्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, दगड उचलण्याआधी काठीने हलवून पाहा, जांभ्याच्या खाली फुरसं हा विषारी साप असू शकतो.

टप्पा 1: दगड जागचा आहे की आलेला?

पहिला प्रश्न “हा कोणता दगड” हा नाही. “हा इथलाच आहे का” हा आहे. रस्त्याची खडी, रुळांखालची गिट्टी, बांधकामाचा राडारोडा, नदीने आणलेले गोटे हे सगळे दुसरीकडून आलेले असतात. कड्यात, नाल्याच्या तळाशी किंवा विहिरीच्या भिंतीत जमिनीला जोडून असलेला खडक मात्र जागचा. शक्य असेल तर अभ्यास त्याच्यापासून सुरू करा.

मग प्रदेश पाहा. राज्याचा सुमारे चार पंचमांश भाग दख्खनच्या बेसॉल्टने झाकलेला आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक बसलेले. पुणे, सातारा, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती या पट्ट्यात जागचा खडक ग्रॅनाइट असल्याचं कोणी सांगितलं तर पुरावा मागा. ग्रॅनाइटी खडक तिथे आहे, पण खोल: कोयना परिसरातल्या एका वेधनछिद्रात तो सुमारे 933 मीटर बेसॉल्टच्या खाली लागला, किल्लारीला सुमारे 338 मीटरखाली.

बेसॉल्टची चादर संपते तिथे खरी विविधता सुरू होते. नांदेडच्या देगलूर-बिलोली बाजूला ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म (गडद-फिक्या पट्ट्यांचा रूपांतरित खडक) उघडे दिसतात. नागपूर-भंडाऱ्यात मनसर, रामटेक या बाजूला शिस्ट (अभ्रकाने चकाकणारा रूपांतरित खडक), संगमरवर आणि मँगनीजचे रूपांतरित खडक आहेत. चंद्रपूर आणि वणीकडे कोळशासोबतचे वालुकाश्म, तसंच सिमेंट कारखाने ज्यावर चालतात तो चुनखडक. सिंधुदुर्गात जांभ्याखाली वालुकाश्म, क्वार्ट्झाइट (काच कापणारा कठीण रूपांतरित खडक), शिस्ट आणि रेडीचं लोहखनिज. पुढे गोव्यातही शिस्ट आणि लोहखनिजाचे पट्टे आहेत.

> तपासा: वहीत गाव, तालुका, जागचा की सुटा, कड्यात की नाल्यात, आणि फोटोत मापासाठी ठेवलेली पट्टी. एवढं नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा 2: ताजा तुकडा काढा

सर्वाधिक चुका या टप्प्यावर होतात, कारण तो वगळला जातो.

हवा-पाण्याने कुजलेलं बाहेरचं आवरण दगडाची ओळख पुसून टाकतं. बेसॉल्ट आतून काळा-करडा असतो, पण त्याच्यातलं लोह गंजलं की बाहेरून तपकिरी, पिवळट, कधी तांबडा दिसतो. आणखी कुजला की त्याचा मुरूम होतो, आणि मुरमाचा ढेकूळ हातात घेऊन तो वालुकाश्म समजणारे बरेच आहेत. उलट, काळ्या मातीत पडलेल्या बेसॉल्टवर पांढऱ्या चुन्याचं लेप बसतं. त्यावर आम्ल टाकलं की फसफसतं आणि दगड “चुनखडक” ठरतो! फसफसलं ते लेप होतं, दगड नव्हे.

म्हणून चष्मा लावा, दगड जमिनीवर भक्कम टेकवा, कोपऱ्यावर घाव घाला आणि मुठीएवढा तुकडा काढा ज्याची निदान एक बाजू पूर्ण ताजी असेल. ती बाजू कोरडी एकदा पाहा, ओली करून पुन्हा पाहा. ओल्या पृष्ठभागावर कणांच्या सीमा जास्त स्पष्ट दिसतात.

गोल दगडांबद्दल खास सूचना. बेसॉल्ट भेगांमधून कुजत जातो, कोपरे आधी झिजतात आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटून मधे गोळा उरतो. रस्त्यासाठी कापलेल्या टेकडीत असे गोळे ओळीने दिसतात आणि लोक तिथे जुनी नदी असल्याचं सांगतात. गोळ्याभोवती सुटे पापुद्रे आणि कुजका मुरूम असेल तर तो जागीच गोल झालेला आहे. नदीतले गोटे वेगवेगळ्या जातींचे, घासून गुळगुळीत झालेले असतात आणि त्यांच्यामध्ये वाळू असते.

> तपासा: ताज्या आणि जुन्या बाजूचा रंग वेगळा आहे का? असेल तर दोन्ही नोंदवा. इथून पुढचं सगळं फक्त ताज्या बाजूवर.

टप्पा 3: पोत वाचा

भिंग डोळ्याजवळ धरा आणि दगड भिंगाकडे आणा, उलट करू नका. एकच प्रश्न विचारा: हे कण एकमेकांत गुंतलेले स्फटिक आहेत, की वेगवेगळे कण जोडद्रव्याने चिकटवलेले आहेत, की सगळे एका दिशेला लागलेले आहेत?

गुंतलेले आणि कुठल्याही एका दिशेला न लागलेले स्फटिक म्हणजे बहुधा अग्निजन्य. चिकटवलेले कण, थर, जीवाश्म म्हणजे गाळाचा. एका दिशेला लागलेले अभ्रकाचे पापुद्रे किंवा गडद-फिके पट्टे म्हणजे रूपांतरित. अपवाद आहेत. संगमरवर आणि क्वार्ट्झाइट रूपांतरित असूनही त्यांच्यात पट्टे नसू शकतात. ते पुढच्या चाचण्यांत पकडले जातात.

महाराष्ट्रात पोत वाचताना चार ठिकाणी घोळ होतो.

*पांढरे ठिपके असलेला काळा दगड.* याला हमखास पिंडाश्म म्हटलं जातं, म्हणजे गोटे चिकटून बनलेला गाळाचा खडक. बहुतेक वेळा तो कुहरी बेसॉल्ट असतो. लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत झिओलाइट, गारगोटी किंवा कॅल्साइट (चुन्याचं खनिज) अशी फिकी खनिजं भरली. पोकळी भरलेली असेल तर कडेला पातळ अस्तर असतं, स्फटिक कडेकडून आत वाढलेले असतात, कधी मधे पोकळ जागा उरते. पिंडाश्मातला गोटा असा आत वाढलेला नसतो. शिवाय त्याच्या सभोवती वाळूचे कण दिसतात, एकजिनसी काळा खडक नाही.

*सह्याद्रीच्या पायऱ्या.* डोंगराचे आडवे थर पाहून तो गाळाचा ठरवला जातो. हे लाव्हाचे प्रवाह आहेत. प्रवाहाचा घट्ट मधला भाग उभा कडा होतो, सच्छिद्र वरचा भाग लवकर झिजून सपाटी होते. जवळ जाऊन बघा: माथ्याकडे बुडबुडे, मधे भरीव खडक, काही प्रवाहांच्या तळाशी उभ्या नळ्यांसारख्या पोकळ्या. दोन प्रवाहांच्या मधे कधी लाल मातकट थर असतो. आधीच्या प्रवाहाचा कुजलेला माथा किंवा राख, वरून आलेल्या तप्त लाव्हाखाली दबलेली. तो थर विटेसारखा लाल दिसतो म्हणून त्याला जांभा म्हणू नका.

*मोठ्या पांढऱ्या कांड्या.* कसारा घाट आणि मंचर-जुन्नर पट्ट्यात काही बेसॉल्टमध्ये फेल्डस्पार या फिक्या खनिजाच्या काही सेंटिमीटर लांब कांड्या दिसतात. लोक त्यांना हाडांचे जीवाश्म समजतात. शिलारस वर येण्याआधी खोलवरच वाढलेले हे स्फटिक आहेत. ऊन लागलं की त्यांचे सपाट चेहरे चमकतात, तेवढ्यावरून ओळख पटते.

*झाडाच्या फांद्यांसारखी काळी नक्षी.* भेगेच्या पृष्ठभागावर असलेली ही नक्षी मँगनीजच्या ऑक्साइडची असते, वनस्पतीची नाही. पानाला शिरा असतात, नक्षीला नसतात.

> तपासा: “कण गुंतलेले, चिकटवलेले की दिशेला लागलेले” याचं उत्तर एका ओळीत लिहा. लिहिता येत नसेल तर आणखी एक ताजा तुकडा काढा.

टप्पा 4: कठिणता, पण खनिजाची

मोह्सच्या मापक्रमावर, म्हणजे खनिजांच्या कठिणतेच्या 1 ते 10 या मोजपट्टीवर, नखाची कठिणता सुमारे 2.5, काचेची 5.5. कॅल्साइट 3, फेल्डस्पार 6, गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ 7. खिळ्याने सहज ओरखडा पडला तर कॅल्साइटसारखं मऊ खनिज. काचेवर ओरखडा पाडला तर फेल्डस्पार किंवा क्वार्ट्झ. या दोघांतला फरक भिंगाने: फेल्डस्पार सपाट, चमकणाऱ्या पातळ्यांवर फुटतो, क्वार्ट्झ काचेसारखा वाकडातिकडा.

इथे दोन चुका होतात. पहिली, काचेवर उमटलेली पांढरी रेघ म्हणजे ओरखडाच असं धरणं. ओल्या बोटाने पुसा, पुसली गेली तर ती मऊ खनिजाची पूड होती. दुसरी जास्त गंभीर: अख्ख्या दगडाची कठिणता मोजणं. वालुकाश्म खिळ्याने खरवडला तर कण सुटून येतात आणि दगड मऊ वाटतो. पण त्याच्या एकेका कणाने काच कापली जाते. सुटतं ते जोडद्रव्य.

बेसॉल्टच्या पोकळ्यांतली खनिजंही इथेच वेगळी करा. खिळ्याने ओरखडून आम्लात फसफसलं तर कॅल्साइट. काच कापली तर क्वार्ट्झ. मोत्यासारखी चमक, खिळ्याने ओरखडा पडतो पण फसफस नाही, तर स्टिल्बाइटसारखं झिओलाइट असण्याची शक्यता जास्त.

टप्पा 5: आम्ल, चुंबक, वजन

आम्लाचा एक थेंब ताज्या बाजूवर. जोरात फसफस म्हणजे कॅल्साइट आहे. खडक डोलोमाइटचा (मॅग्नेशियम असलेल्या चुन्याच्या खनिजाचा) असेल तर अख्ख्या दगडावर फारसं काही होत नाही, पुडीवर मात्र हळू बुडबुडे येतात. म्हणून थेंबाला प्रतिसाद मिळाला नाही की लगेच “चुना नाही” असं लिहू नका, खिळ्याने थोडी पूड करून पुन्हा बघा. थेंब भेगेत किंवा ठिपक्यावर पडला असेल तर तो निकाल दगडाचा नाही.

चुंबक दोऱ्याला लोंबकळतं ठेवा आणि दगड हळूच जवळ आणा. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे बारीक कण असतात, त्यामुळे चुंबक थोडं ओढलं जातं. यावरून “उल्का सापडली” असा समज होतो. चुंबक ओढणारा काळा दगड महाराष्ट्रात जवळपास प्रत्येक शेतात आहे. धातू वितळवणाऱ्या कारखान्याची मळीही (स्लॅग) जड, काळी आणि बुडबुड्यांची असते, म्हणून टप्पा 1 मधला प्रश्न इथे पुन्हा विचारावा लागतो.

वजनाची चाचणी कमी लोक करतात, पण ती फार उपयोगी आहे. दगड दोऱ्याने ताणकाट्याला टांगून कोरडं वजन घ्या. मग पाण्यात पूर्ण बुडवून, तळाला किंवा कडेला न टेकता पुन्हा वजन घ्या. कोरडं वजन भागिले दोन्ही वजनांतला फरक, ही घनता. हवेत 580 ग्रॅम आणि पाण्यात 380 असेल तर फरक 200, घनता 2.9. भरीव बेसॉल्ट 2.8 ते 3.0 च्या आसपास असतो, ग्रॅनाइट सुमारे 2.65. सच्छिद्र दगडात हवा अडकते आणि आकडा खाली येतो, तेव्हा शक्य तितका भरीव तुकडा निवडा.

> तपासा: तिन्ही चाचण्या एकाच नावाकडे बोट दाखवतात का? एखादी विरुद्ध जात असेल तर तिला दुर्लक्षू नका. ती ताज्या बाजूवर झाली होती का, ते आधी पाहा.

टप्पा 6: आधी वर्ग, मग नाव

अग्निजन्य ठरला असेल तर दोनच गोष्टींवर नाव ठरतं: कणांचा आकार आणि गडद-फिक्या खनिजांचं प्रमाण. गडद आणि बारीक तो बेसॉल्ट, त्याचाच मध्यम कणांचा भाऊ डोलेराइट, भरड तो गॅब्रो. फिका, क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारचा भरड तो ग्रॅनाइट, त्याचं बारीक रूप ऱ्हायोलाइट. प्रयोगशाळेत बेसॉल्टची व्याख्या सिलिकाच्या प्रमाणावर होते, साधारण 45 ते 52 टक्के, पण ते हातातल्या भिंगाचं काम नाही. काळा नसलेला ज्वालामुखी खडक आपल्याकडेही आहे: मुंबईच्या जुन्या इमारतींतला पिवळसर मालाडचा दगड लाव्हाच्याच कुळातला आहे.

कणांनी बनलेला गाळाचा असेल तर पट्टी काढा. 2 मिलिमीटरपेक्षा मोठे गोल तुकडे असतील तर पिंडाश्म, टोकदार असतील तर ब्रेशिया. 2 मिलिमीटरपासून 0.06 मिलिमीटरपर्यंत वालुकाश्म. त्याहून बारीक आणि पातळ पापुद्र्यांत फुटणारा तो शेल. ताज्या बाजूवर सगळीकडे फसफसतो आणि खिळ्याने ओरखडतो तो चुनखडक.

रूपांतरित असेल तर पट्ट्यांची वाढ पाहा. पातळ सपाट पाट्या सुटतात ती स्लेट, चकाकणारं अभ्रक डोळ्यांना दिसतं तो शिस्ट, गडद-फिके जाड पट्टे तो पट्टिताश्म, म्हणजेच नाईस. पट्टे नसलेला पांढरा दगड मिळाला की आम्ल आणि काच: फसफसला तर संगमरवर, काच कापली तर क्वार्ट्झाइट. क्वार्ट्झाइट आणि वालुकाश्मातला फरक फुटलेल्या बाजूवर दिसतो. वालुकाश्म कणांना वळसा घालून फुटतो, हात फिरवला तर खरखरीत लागतो. क्वार्ट्झाइट कणांच्या आरपार फुटतो आणि बाजू गुळगुळीत येते.

जांभ्याला जबरदस्तीने या तीन खणांत कोंबू नका. भरपूर पाऊस आणि उष्णतेत मूळ खडकातला सिलिका आणि क्षार वाहून गेले, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली, असा तो जागीच उरलेला अवशिष्ट खडक आहे. पाचगणीच्या टेबल लँडवर तो बेसॉल्टच्या माथ्यावर टोपीसारखा बसलाय. कोकणातल्या चिरेखाणीत तो ताजा असताना कापला जातो आणि हवेत कठीण होतो. त्याची भोकं वायूच्या बुडबुड्यांची नसतात. ती वेडीवाकडी, एकमेकांना जोडलेली असतात. बेसॉल्टच्या पोकळ्या गोल किंवा लांबट आणि बऱ्याचदा सुट्या सुट्या असतात.

> सावध: दुकानातली नावं म्हणजे वर्गीकरण नाही. ओट्याचा “काळा ग्रॅनाइट” अनेकदा गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. शहाबादी, कोटा आणि कडप्पा या तिन्ही फरश्या चुनखडकाच्या. सरावाला त्या उत्तम आहेत, फक्त फुटलेल्या तुकड्यावर करा. आम्लाने बसवलेल्या फरशीची चमक कायमची जाते.

टप्पा 7: खात्री नसेल तेव्हा काय लिहायचं

अर्धवट खात्रीचं नाव लिहिण्यापेक्षा वर्णन लिहा: “गडद करडा, बारीक गुंतलेले कण, पांढऱ्या भरलेल्या पोकळ्या, घनता 2.8, चुंबक किंचित ओढतं, अग्निजन्य, बहुधा बेसॉल्ट.” एवढ्यावरून दुसऱ्या कुणालाही तुमचं काम तपासता येतं. नुसत्या “बेसॉल्ट” वरून येत नाही. बारीक कणांच्या खडकाचं पक्कं नाव हवं असेल तर तो भूशास्त्र विभागात पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो. तो काप 0.03 मिलिमीटर जाडीचा असतो, त्यातून उजेड आरपार जातो आणि प्रत्येक खनिज वेगळं ओळखता येतं.

नमुन्याला क्रमांक द्या आणि तोच क्रमांक वहीत, फोटोत आणि पिशवीवर लिहा. क्रमांकाची चिकटपट्टी कुजक्या बाजूला लावा, ताजी बाजू मोकळी ठेवा. प्रत्येक नमुना वेगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळा, नाहीतर घरी पोचेपर्यंत मऊ चुनखडकावर क्वार्ट्झाइटने पाडलेले ओरखडे तुम्ही कठिणतेची चाचणी म्हणून वाचाल.